चेबोल आणि निर्यात : कोरियाने मोठ्या घराण्यांकडून काय वसूल केले?

नांगरट

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिले होते, "कोरियाने मोठ्या घराण्यांना मोकळे रान दिले म्हणून आज सॅमसंग आणि ह्युंदाई दिसतात." तिथे विषय वेगळा होता म्हणून गप्प बसलो. पण हे वाक्य हल्ली इतक्या ठिकाणी ऐकू येते, की त्यावर स्वतंत्र धागा काढावासा वाटला. मोकळे रान कोरियाने कुणालाच, चेबोल म्हणवणाऱ्या या बड्या उद्योग-घराण्यांनाही, दिले नव्हते.

१६ मे १९६१ रोजी जनरल पार्क चुंग-ही यांनी लष्करी उठाव करून सत्ता घेतली. कोरियन युद्ध थांबून जेमतेम आठ वर्षे झाली होती. दरडोई उत्पन्न वर्षाला १०० डॉलरच्याही आत. सरकारचा गाडा बराचसा अमेरिकी मदतीवर चाले आणि निर्यात म्हणजे टंगस्टन, मासळी, कच्चे रेशीम. नव्या राजवटीने आल्या आल्या देशातल्या बड्या व्यापाऱ्यांना 'बेकायदा संपत्ती' जमवल्याच्या आरोपावरून धरले. त्यात सगळ्यात मोठे नाव सॅमसंगचे ली ब्युंग-चुल. ते तेव्हा टोकियोत होते. परतल्यावर पार्क यांच्याशी त्यांची भेट झाली आणि तडजोड ठरली : या लोकांनी तुरुंगात बसण्यापेक्षा देशाला हवे ते कारखाने उभारावेत.

हा प्रसंग सगळे सांगतात. त्याच वर्षी व्यापारी बँका सरकारच्या ताब्यात गेल्या, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. माझ्या मते पुढच्या तीस वर्षांची किल्ली तिथे आहे. घराण्यांकडे कारखाने होते, पण पतपुरवठा सरकारच्या हातात. १९६५ च्या व्याजदर सुधारणेनंतर बँकेचे साधे कर्ज वीस टक्क्यांच्या वर होते. निर्यातदाराला तेच पैसे सहा-सात टक्क्यांनी मिळत. परदेशी गिऱ्हाइकाची एलसी (पैसे देण्याचे बँकेचे हमीपत्र) हातात असली की कर्ज जवळजवळ आपोआप. कच्चा माल बिनशुल्क आणता येई आणि त्यातही 'वाया जाणारा माल' म्हणून खऱ्या गरजेपेक्षा जास्त आणायची मुभा होती. उरलेला माल देशातल्या बंदिस्त बाजारात चढ्या भावाने विकला जाई. म्हणजे निर्यातीत तोटा आला तरी तो भरून काढायची सोय होती, पण आधी निर्यात करून दाखवायची.

दर महिन्याला निर्यातीची बैठक होई आणि तिला स्वतः पार्क बसत. मंत्री, बँकवाले, उद्योजक एका खोलीत. कुणाचे लक्ष्य किती होते, माल किती गेला, कुठल्या बंदरात काय अडले, सगळे तिथेच निघे. १९६४ च्या नोव्हेंबरअखेर निर्यातीने १० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला आणि ३० नोव्हेंबर हा 'निर्यात दिन' ठरला. १९७७ मध्ये आकडा १००० कोटींवर गेला. तेरा वर्षांत शंभरपट.

सुरुवातीचा माल अगदी साधा होता : केसांचे टोप, प्लायवुड, कपडे. प्लायवुडचे लाकूडही आग्नेय आशियातून आणत, कारण कोरियाचे डोंगर बोडके झाले होते. खरी उडी १९७३ ची. त्या वर्षी पोलाद, बिगरलोह धातू, जहाजबांधणी, यंत्रे, इलेक्ट्रॉनिक्स आणि पेट्रोरसायने असे सहा उद्योग निवडून अवजड उद्योगांची मोहीम जाहीर झाली. पोहांगचा पोलाद कारखाना सरकारी होता, कुठल्या घराण्याचा नव्हता. 'सगळे चेबोलांनी केले' म्हणणारे हे विसरतात. जागतिक बँकेने त्यात पैसे घालायला नकार दिला, तेव्हा १९६५ च्या करारानुसार जपानकडून आलेल्या रकमेतला काही भाग तिकडे वळवला गेला. कोरियात ती वसाहतकाळाची भरपाई मानली जाते. १९७३ च्या जूनमध्ये तिथे पहिला लोखंडाचा रस निघाला.

आता उल्सान, ह्युंदाईच्या जहाज कारखान्याचे गाव. ह्युंदाईचे चुंग जू-युंग शेतकऱ्याचे पोर, बापाने गाय विकून आणलेले पैसे घेऊन घरातून पळालेले. १९४७ पासून बांधकामाचा धंदा. मोठे जहाज कधी बांधलेले नाही, आणि सरकार म्हणते जहाजाचा कारखाना काढा. कर्जासाठी ते ब्रिटनला गेले. तिथल्या सल्लागारासमोर त्यांनी खिशातली ५०० वॉनची नोट काढून ठेवली. तिच्यावर सोळाव्या शतकातल्या कासव-जहाजाचे चित्र होते. आम्ही तुमच्या कितीतरी आधी लोखंडी कवचाची जहाजे बांधली, असा युक्तिवाद. मग ग्रीक जहाजमालक लिव्हानोस यांच्याकडून २ लाख ६० हजार टनांच्या दोन टँकरची मागणी मिळाली. तेव्हा उल्सानला समुद्रकिनारा सोडून काही नव्हते. मार्च १९७२ मध्ये भूमिपूजन झाले. गोदी आणि जहाज बरोबरीने बांधत जून १९७४ मध्ये दोन्ही पूर्ण केले.

इथे मोठा समूह असण्याचा उपयोग दिसतो. बांधकामातले अभियंते आणि मुकादम गोदीवर हलवले. माणसे स्कॉटलंडच्या गोदीत शिकायला पाठवली. तेवढ्यात तेलसंकट आले, टँकरचे गिऱ्हाईक मागे फिरले. मग ह्युंदाईने स्वतःची जहाज कंपनी काढून ते टँकर आपल्याच ताफ्यात घेतले. आणि तेलाच्या ज्या पैशाने त्यांना बुडवले, तोच पैसा सौदी अरेबियात शोधला : १९७६ मध्ये जुबैल बंदराचे सुमारे ९३ कोटी डॉलरचे कंत्राट. एकट्या जहाज कंपनीला हा धक्का पचला नसता.

सॅमसंगच्या चिपचेही तेच. १९८३ मध्ये ६४ के डीरॅम (संगणकाच्या मेमरीची चिप) बनवला आणि दोनच वर्षांत भाव कोसळले. कित्येक वर्षे तोटा. साखर, कापड, विमा, व्यापार यांच्या कमाईवर तो सोसला. ली ब्युंग-चुल १९८७ मध्ये वारले, त्यांना या धंद्याचे चांगले दिवस फारसे बघायलाच मिळाले नाहीत.

पण दुसरी बाजू कुक्जे समूहाची. बुसानला बुटांपासून सुरू झालेला हा समूह १९८५ मध्ये देशात सातव्या क्रमांकावर होता. पार्क यांच्यानंतर आलेल्या चुन डू-ह्वान यांच्या सरकारने बँकांकरवी त्याचे कर्ज तोडले आणि काही आठवड्यांत तो मोडून इतरांना वाटून टाकला. राष्ट्राध्यक्षांच्या निधीला देणगी कमी दिली हे कारण, असे तेव्हापासून बोलले जाते. १९९३ मध्ये घटना न्यायालयाने ती कृती घटनाबाह्य ठरवली. ज्या हाताने उल्सान उभे केले, तोच हात हे करू शकत होता. म्हणून मी त्याला 'शिस्त' असे नुसते गोड नाव देत नाही. पण 'मोकळे रान' तर ते नक्कीच नव्हते.

माझा मुद्दा एवढाच : घराणी मोठी होती म्हणून कोरिया निर्यातदार झाला नाही. निर्यात करून दाखवेल त्यालाच मोठे होऊ दिले गेले. देशात भाव काहीही लावा, परदेशातले गिऱ्हाईक सरकारच्या ओळखीचे नसते. ते खराब माल परत पाठवते. ती परीक्षा कुणाला खोटी देता येत नाही.

जाणकारांनी भर घालावी. विरोधी मतांचे विशेष स्वागत.

---

तिसरी_पाळी

लेख आवडला. 'चेबोल' शब्दाचा अर्थ काय? जपानी झायबात्सुशी (तिथल्या जुन्या उद्योग-घराण्यांशी) त्याचा संबंध आहे का?

---

नांगरट

@तिसरी_पाळी, हो, चिनी अक्षरे तीच, उच्चार कोरियन. पहिले अक्षर संपत्तीचे, दुसरे कुळाचे. फरक असा की झायबात्सुंच्या पोटात स्वतःच्या बँका होत्या. कोरियातल्या घराण्यांना ती मुभा नव्हती. वर बँकांबद्दल एवढे लिहिले ते त्यामुळेच.

---

गिरणगावकर

धागा वाचला, माहिती चोख आहे. तरी एक मोठी जागा रिकामी राहिली आहे आणि ती भरल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

केसांचे टोप, कपडे असे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. ते कुणी शिवले? सोलच्या प्योंग्ह्वा बाजारातल्या माळ्यांवर, जिथे ताठ उभेही राहता येत नसे, तिथे पंधरा-सोळा वर्षांच्या आणि त्याहून लहान मुली दिवसाचे चौदा-चौदा तास शिवण करत. तिथला चॉन ते-इल नावाचा बावीस वर्षांचा कापड बेतणारा कामगार. त्याने कामगार कायद्याचे पुस्तक मिळवून वाचले आणि त्यात लिहिलेले काहीच कुणी पाळत नाही हे त्याला कळले. अर्ज केले, दाद लागली नाही. १३ नोव्हेंबर १९७० रोजी त्याने ते पुस्तक हाती घेऊन स्वतःला पेटवून घेतले. "आम्ही यंत्रे नाही" हे त्याचे शब्द. त्याच्या आईने पुढची चाळीस वर्षे कामगारांसाठी काढली.

आणि टोपांचे म्हणाल तर वायएच नावाची कंपनी होती. ती बंद पडली तेव्हा तिथल्या मुली ऑगस्ट १९७९ मध्ये विरोधी पक्षाच्या कचेरीत जाऊन बसल्या. पोलिसांनी आत घुसून मारले, त्यात एक मुलगी गेली. त्यानंतर विरोधी नेते किम यंग-साम यांची संसदेतून हकालपट्टी झाली, मग बुसान आणि मासान पेटले, आणि २६ ऑक्टोबरला पार्क यांना त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने गोळ्या घातल्या. म्हणजे दर महिन्याच्या बैठकीत ज्यांचे नाव कधी निघाले नाही, त्या मुलींपासून सुरू झालेल्या साखळीत ती राजवट संपली.

माझे वडील लालबागच्या गिरणीत साचेवाले होते. १९८२ चा संप मी शाळकरी वयात घरातून पाहिला, आईने दागिने मोडलेले पाहिले. म्हणून 'परीक्षा' हा शब्द वाचला की मी आधी विचारतो, पेपर कोण लिहीत होते आणि गुण कुणाला मिळाले?

---

नांगरट

@गिरणगावकर, मान्य. ही जागा मी रिकामी सोडायला नको होती. ४२८ किलोमीटरचा सोल-बुसान महामार्ग अडीच वर्षांत झाला हे मी नेहमी कौतुकाने सांगतो. त्यात ७७ माणसे मेली, हे सांगायचे राहते. तुमचा प्रतिसाद मूळ लेखाचाच भाग समजावा.

पैशाच्या बाजूनेही असाच एक प्रसंग आहे. ३ ऑगस्ट १९७२ रोजी एका आणीबाणीच्या हुकुमाने कंपन्यांनी खासगी सावकारी बाजारातून घेतलेली सगळी कर्जे गोठवली. तीन वर्षे काही परत करायचे नाही, मग पाच वर्षांत, महिना १.३५ टक्के व्याजाने. बाजारातला दर याच्या दुपटीहून जास्त होता. कंपन्या एका रात्रीत तरल्या.

---

तैपेईकरीण

मी अकरा वर्षे तैवानमध्ये आहे, त्यामुळे शेजारच्या घरातून बघितल्यासारखे लिहिते.

निर्यात करायला चेबोलच लागतात, हे तैवानने त्याच काळात खोटे ठरवले. इथेही १९६० पासून निर्यातीचा जोर, इथेही लष्करी कायदा, इथेही बँका सरकारी. पण चीनच्या मुख्य भूमीवरून आलेल्या क्वोमिंतांग पक्षाच्या सरकारला स्थानिक घराणी फार मोठी होऊ द्यायची नव्हती. महागाईच्या जुन्या अनुभवामुळे स्वस्त कर्जाची धारही सैल सोडली नाही. पोलाद, पेट्रोरसायने सरकारने स्वतःकडे ठेवली आणि त्यापुढचा माल हजारो लहान कारखान्यांनी बनवला. सत्तरच्या दशकात 'घराची बैठक हाच कारखाना' अशी सरकारी मोहीमच होती. ताइचुंगच्या बाजूला आजही एका गल्लीत सायकलचा पॅडल, दुसरीत साखळी, तिसरीत रंगकाम असे बघायला मिळते. मोठे झाल्यावर कळते, की ती सगळी गल्ली मिळून एक कंपनी आहे.

१९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात कोरिया कोसळला तेव्हा तैवानला त्या मानाने खरचटले. कोरियातल्या बड्या समूहांचे कर्ज भांडवलाच्या पाचपट होते. इथल्या लहान मालकाला कुणी एवढे कर्ज दिलेच नव्हते.

मात्र एक कबूल करते. जहाज, मोटार, स्वतःच्या नावाचा टीव्ही यांत तैवान मागे राहिला. अनेक वर्षे दुसऱ्याच्या नावाचा माल बनवत बसला. चिपमध्ये नाव झाले, तेही सरकारी संशोधन संस्थेतून निघालेल्या आणि सरकारी पैशाने १९८७ मध्ये सुरू झालेल्या कंपनीमुळे. कुठल्या घराण्यामुळे नाही.

---

दर्यावर्दी

@तैपेईकरीण, फार छान. गल्ली म्हणजे कंपनी हे पटले. इचलकरंजी आठवली.

---

लोखंडी_रस

वरची चर्चा वाचून देवू या कोरियन समूहाबद्दल लिहावेसे वाटले. मी पिंपरीच्या ट्रक कारखान्यात नोकरी केली. टाटा मोटर्सने २००४ मध्ये देवूचा ट्रकचा धंदा घेतला, तेव्हा कामानिमित्त मला कोरियात गुनसानला काही महिने राहायला मिळाले.

देवूची गोष्ट थोडक्यात अशी. किम वू-चूंग यांनी १९६७ मध्ये कापडाच्या निर्यातीपासून सुरुवात केली. अमेरिकेत शर्ट विकून नाव काढले. सरकार बुडीत कारखाने त्यांच्या गळ्यात घालत गेले आणि ते ते उभे करत गेले. ओक्पोची अर्धवट गोदी १९७८ मध्ये अशीच आली. १९९७ नंतर बाकीचे समूह आखडते घेत असताना देवूने आणखी कर्ज काढले. पोलंड, रुमानिया, उझबेकिस्तान, आपल्याकडे सूरजपूर, सगळीकडे मोटारीचे कारखाने. १९९९ मध्ये सारे संपले. निर्यातीची परीक्षा खोटी देता येत नाही, असे नांगरट म्हणतात. पण उसन्या पैशावर ती परीक्षा बरीच वर्षे लांबवता येते. एवढ्या मोठ्या माणसाला सरकार बुडू देणार नाही, असे किम यांच्यासह सगळेच धरून चालले होते.

गुनसानला मी पोचलो तेव्हा लोक अजून धास्तावलेले होते. मालक गेला, नाव गेले, आता भारतातून कुणीतरी आलेत. पण लाइनवर उभा राहिलो आणि पहिल्याच दिवशी कळले, की माणसांच्या हातातले काम कुठेही गेलेले नाही. एक वयस्कर फोरमन बोल्टचा पीळ नुसत्या आवाजावरून ओळखायचा. मीटर लावून बघितले तर फरक नसायचा. समूह मेला तरी तीस वर्षांत तयार झालेला तो कान कारखान्यातच राहिला होता. कोरियाने जे खरे कमावले ते हे, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते.

---

तिसरी_पाळी

@लोखंडी_रस, हे वाचून थांबलोच थोडा वेळ.

माझा अनुभव दुसऱ्या टोकाचा. पुणे पट्ट्यात सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी खरेदी-विक्री बघतो. आमचे गिऱ्हाईक एक मोठी परदेशी कंपनी, नाव लिहीत नाही. दरवर्षी करारातच लिहिलेले असते, की भाव इतके टक्के कमी करायचे. पोलाद महागले तरी. मागच्या वर्षी त्या एका कलमापायी आम्ही पाच कंत्राटी मुले कमी केली. मोठ्यांची निर्यात वाढते तेव्हा तिचा काही भाग आमच्यासारख्यांच्या नफ्यातून आणि त्या मुलांच्या पगारातून जातो. कोरियातल्या पुरवठादारांचीही हीच तक्रार आहे असे वाचतो. मूळ लेखात हा थर यायला हवा होता.

---

वहिवाट

सगळ्यांचे वाचले. भारताबद्दल कुणी सरळ बोलत नाही म्हणून मी विचारतो. आपल्याकडेही बँका १९६९ मध्ये सरकारच्या ताब्यात आल्या. आपल्याकडेही घराणी होती, परवाने होते, नियोजन होते. मग त्याच साहित्यातून वेगळा पदार्थ का झाला?

---

नांगरट

@वहिवाट, यावर माझे ठाम मत आहे, चुकत असल्यास सांगा.

आपण घराण्यांवर नियंत्रण ठेवले, पण आकाराचे. १९६९ च्या मक्तेदारी कायद्याने २० कोटींवर मालमत्ता असलेल्या समूहाला वाढीसाठी वेगळी परवानगी लागे. १९८५ मध्ये ती मर्यादा १०० कोटी झाली, १९९१ मध्ये गेली. परवान्यापेक्षा जास्त माल काढणे हा गुन्हा होता. आमच्या घरी स्कूटरसाठी नंबर लावला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो, स्कूटर दारात आली तेव्हा दहावीत. रांगेत गिऱ्हाईक उभे असताना कारखानदाराला परदेशात कशाला जावेसे वाटेल? कोरियात सरकार विचारत होते, 'किती विकलेस, कुठे विकलेस?' आपण विचारत होतो, 'किती मोठा झालास?' मोठे व्हायची बंदी आणि बाजार मात्र राखीव, असे दोन्ही एकदम केले.

आणि आज मला काळजी वाटते ती उलट्या चुकीची. आता आकाराबद्दल कुणी विचारत नाही, ते ठीक. पण बंदर, विमानतळ, वीज, दूरसंचार असे जिथे परदेशी गिऱ्हाइकाची परीक्षाच नसते, तिथले मोठेपण आपण कोरियाचे मोठेपण समजतो. निर्यात न मागता दिलेली सवलत कोरियात क्वचितच सापडेल.

@तिसरी_पाळी, पुरवठादारांचा मुद्दा बरोबर आहे. मोठ्या समूहातला पगार आणि लहान पुरवठादाराकडचा पगार यांतली दरी हा तिथे आजही धगधगता प्रश्न आहे.

---

गिरणगावकर

@नांगरट, लोखंडी_रस यांच्या फोरमनबद्दल वाचून बरे वाटले. अशा माणसांना पगार नीट कधीपासून मिळू लागला, तेवढे सांगा. ते मालकांनी आपणहून दिले असेल असे वाटत नाही.

---

नांगरट

@गिरणगावकर, नाही दिले. १९८७ च्या जूनमध्ये लोकांनी रस्त्यावर उतरून राष्ट्राध्यक्षपदाची थेट निवडणूक मिळवली आणि लगेच जुलैमध्ये उल्सानला ह्युंदाईच्या इंजिन कारखान्यात पहिली स्वतंत्र संघटना झाली. चुंग जू-युंग यांनी तोवर आपल्या समूहात संघटना होऊ दिली नव्हती. मग एकामागून एक कारखाने. ऑगस्टमध्ये हजारो कामगार गोदीतून बाहेर पडले. सर्वांत पुढे त्यांनी कारखान्यातलीच अवजड वाहने घातली होती, डंपर, फोर्कलिफ्ट, आगीचे बंब, आणि मागे निळ्या-राखी कामाच्या कपड्यांतली रांग उल्सान शहराच्या दिशेने. बायकामुले रस्त्याच्या कडेला उभी होती. त्यानंतरच्या वर्षांत तिथले पगार झपाट्याने वाढले.